कादंबरीची कच्ची वही : ‘ट्वाइन’

ऐरोलीतील मोबाइल गेमच्या कंपनीतली डिझायनरची नोकरी सोडून ठाण्यात घरी पूर्णवेळ कथालेखन सुरू केल्यावर, जुन्या कामाचे जे एकमेव सॉफ्टवेअर मी जवळ ठेवले ते म्हणजे ‘ट्वाइन’. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले हे साधन मोफत आणि मुक्तस्रोत आहे. वाचकाच्या निवडीनुसार फाटे फुटणाऱ्या कथांसाठी ते तयार झाले असल्याने, एकाच वाटेने जाणाऱ्या मराठी कादंबरीसाठी ते वापरणे हा तसा आडमार्गच आहे.

यात प्रत्येक प्रसंगाला एक चौकट मिळते. मजकुरात दुहेरी चौकोनी कंस घालून [[मालू खोली विकते]] असे लिहिले की त्या नावाची नवी चौकट आपोआप तयार होते आणि दोन्ही चौकटी बाणाने जोडल्या जातात. माझ्या कादंबरीतील मालूने कोपरीची वडिलोपार्जित खोली विकावी की ठेवावी, हे ठरत नव्हते, म्हणून दोन्ही फाटे मांडून पाहिले. विकण्याच्या बाजूने भावाचा अबोला, वसईचे भाड्याचे घर, आईचे सामान कुठे ठेवायचे यावरून निघालेला वाद, असे प्रसंग एकातून एक निघत गेले. न विकण्याच्या बाजूचे बाण मात्र थोडे पुढे जाऊन पुन्हा त्याच जुन्या भांडणाकडे वळत होते. गेममध्ये हे चालते, किंबहुना काम आटोक्यात राहावे म्हणून फाटे मुद्दाम पुन्हा एकत्र आणले जातात. कादंबरीत मात्र ज्या निर्णयाने पुढे काहीच बदलत नाही, तो निर्णय पात्राने घेतला काय आणि न घेतला काय. खोली विकली गेली.

प्रत्यक्ष लेखनासाठी मात्र मी ट्वाइनची शिफारस करणार नाही. चौकटीत सलग दहा-बारा पाने गद्य लिहिणे कंटाळवाणे होते, आणि सही करताना मालू काहीच का बोलत नाही, हे कोणत्याही बाणात मावत नाही. शिवाय सगळे पर्याय जिवंत ठेवण्याची गेमवाल्यांची खोड हे साधन आणखी पोसते. आराखडा सुबक दिसतो आणि प्रकरण लिहायचे राहूनच जाते. एकदा वाट ठरली की साध्या वर्ड प्रोसेसरकडे वळावे, हे उत्तम.

देवनागरी युनिकोड मजकूर चौकटींत व्यवस्थित बसतो, आणि पात्राचे नाव बदलायचे झाल्यास ते सर्व चौकटींत एकदम बदलता येते. एक गोष्ट मात्र आधीच जाणून घ्यावी : ब्राउझरमध्ये वापरल्यास लेखन त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते आणि तो साफ केला की लेखनही जाते. त्यामुळे संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्ती वापरावी, आणि तरीही दिवसाचे काम संपल्यावर फाइलची एक प्रत वेगळी काढून ठेवावी.