महाराष्ट्राचं ई-चलान संकेतस्थळ: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

दंड भरणं हे या संकेतस्थळावरचं सगळ्यात सोपं काम आहे. अवघड आहे ते चलान नीट वाचणं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. दुचाकी, कार आणि मालवाहू टेम्पो अशी तिन्ही प्रकारची वाहनं संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर महिनोन्‌महिने तपासून झालेलं हे मत आहे.

आधी पत्ता. महाराष्ट्र पोलिसांचं संकेतस्थळ आहे महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन. शेवटी 'गव्ह डॉट इन' नसेल तर पान तिथेच बंद करा. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' अशा नावाची एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल आली तर ती उघडूच नका. सरकार दंडाची फाइल इन्स्टॉल करायला सांगत नाही. अशा फाइली मोबाइलमधले मेसेज वाचतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवतात. चुकून उघडली गेलीच, तर इंटरनेट बंद करून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. एसएमएसमधल्या लिंकवर न जाता पत्ता स्वतः टाइप करायची सवय लावलेली उत्तम.

संकेतस्थळावर वाहन क्रमांक किंवा चलान क्रमांक टाकून शोधता येतं. वाहन क्रमांकाने शोधताना चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, असतात. आरसी हाताशी नसेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये पाहा. क्रमांक मोकळी जागा किंवा आडवी रेघ न देता, आरसीवर आहे तसाच लिहायचा. 'माहिती सापडली नाही' असं आलं की लोक खूश होतात, पण बहुतेकदा शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडलेला असतो किंवा चासीऐवजी दुसरेच अंक घातलेले असतात.

यादी उघडली की पैसे भरायच्या बटणाकडे जाऊ नका, आधी फोटो उघडा. एकदा रक्कम भरली की गुन्हा मान्य करून तडजोड केली, म्हणजे कोर्टात न जाता पैसे देऊन प्रकरण मिटवलं, असा त्याचा अर्थ होतो, आणि मग हरकतीला जागा राहत नाही. फोटोत गाडीचा प्रकार, रंग आणि नंबरप्लेटचा प्रत्येक अंक जुळतो का ते बघायचं. कॅमेऱ्याने प्लेट वाचताना ८ आणि बी, ० आणि डी यांची गल्लत होऊ शकते. प्लेट वाकलेली, चिखलाने भरलेली किंवा नक्षीदार अक्षरांची असेल तर ही शक्यता आणखी वाढते. त्यामुळे दंड स्कूटरचा आणि फोटो रिक्षाचा, असंही घडू शकतं. कोणी तुमचाच नंबर दुसऱ्या गाडीला लावला असेल तर तेही इथेच कळतं. अशा वेळी नुसती हरकत पुरत नाही, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार हवी.

मग कलम वाचा. चलानावर मोटार वाहन कायद्याची कलमं जोडीने येतात. पहिलं कलम काय मोडलं ते सांगतं, दुसरं त्याची शिक्षा. ११९/१७७ म्हणजे सिग्नल किंवा वाहतूक चिन्ह न पाळणं, १२२/१७७ म्हणजे अडथळा होईल असं वाहन उभं करणं, १२९/१९४ ड म्हणजे हेल्मेट, ११२/१८३ म्हणजे वेग. रकमेचा गोंधळ इथूनच सुरू होतो. केंद्राचा सुधारित कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला, पण महाराष्ट्राने तडजोडीचे नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये आणले. कायद्यात हेल्मेटसाठी १,००० रुपये लिहिलेत, आपल्याकडे तडजोडीची रक्कम ५०० आहे. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५००, पुन्हा तेच केलं तर १,५००. वेगासाठी कारला २,०००, विना लायसन्स ५,०००. दारू पिऊन चालवण्याचा, म्हणजे कलम १८५ चा गुन्हा तडजोडीत बसत नाही, त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. दुसऱ्या राज्यातल्या बातम्या वाचून आपल्या चलानाची रक्कम चूक ठरवू नका.

वेगाच्या चलानात मोजलेला वेग आणि तिथली मर्यादा दोन्ही बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, बोरघाटात ६० ची. जुलै २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू आहे. घाटात ८० ने उतरणारा माणूस स्वतःला संथ समजत असतो आणि चलान आल्यावर चकित होतो.

कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १६७ अ माहीत असायलाच हवा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या या नियमानुसार गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवायची असते, आणि सोबत नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम द्यावं लागतं. फोटोत नंबरच वाचता येत नसेल तर हरकतीचा मुद्दा भक्कम आहे. हरकत संकेतस्थळावरच्या किंवा ॲपमधल्या तक्रार विभागातून घ्यायची. चलान क्रमांक, आरसीचा फोटो, गाडीचा मागून प्लेटसकट काढलेला फोटो आणि दोन ओळींत नेमकं कारण एवढं पुरतं. 'अन्याय झाला' असं लिहून काही होत नाही. 'चलानातल्या फोटोत पांढरी कार आहे, नोंदणी काळ्या दुचाकीची आहे' असं लिहिलं तर तपासणाऱ्यालाही निर्णय घेता येतो. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि निकाल लागेपर्यंत रक्कम भरू नका.

सगळं बरोबर असेल तर हवी ती चलानं निवडायची, अटींवर खूण करायची आणि कार्ड किंवा नेटबँकिंगने पैसे भरायचे. त्रास होतो तो खात्यातून रक्कम गेल्यावरही चलान थकीतच दिसतं तेव्हा. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेकडून खात्री परत आली नाही की असं होतं. बँकेचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे कार्डाने केलेल्या फसलेल्या व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तेवढे दिवस थांबून चलानाची स्थिती पुन्हा बघावी. पावती पीडीएफ करून ठेवावी, नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त नको.

एसएमएस येतच नसेल तर दोष बहुधा मोबाइल क्रमांकाचा. यंत्रणा 'वाहन' या केंद्राच्या नोंदणी पोर्टलवर नोंदलेल्या नंबरावर मेसेज पाठवते, आणि गाडी घेताना विक्रेत्याने तिथे भलताच नंबर टाकलेला असू शकतो. केंद्राच्या 'परिवहन' संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, चासी, इंजिन आणि नोंदणीची तारीख देऊन तो बदलता येतो. तिथलाच ई-चलान विभागही अधूनमधून तपासावा. परिवहन विभागाने केलेली आणि परराज्यातली चलानं तिथे दिसू शकतात, म्हणून राज्याच्या यादीत काही नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

'व्हर्च्युअल कोर्ट' असा शेरा दिसला तर वाट बदलते. व्हीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन वर राज्याचा विभाग निवडून चलान किंवा वाहन क्रमांकाने प्रकरण शोधायचं. प्रस्तावित दंड भरणं किंवा प्रकरण लढवणं असे दोनच पर्याय असतात. लढवायचं ठरवलं की ते नेहमीच्या कोर्टात जातं आणि तारखेला हजर राहावं लागतं. लोकअदालतीची नोटीस आली तर तिथे तडजोड करता येते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. सवलत मिळेल या आशेवर दंड साठवत बसणं मला पटत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र हे संकेतस्थळ अमूल्य आहे. सौद्याआधी आरसीवरून चासीचे चार अंक घ्या आणि राज्याच्या व परिवहनच्या अशा दोन्ही संकेतस्थळांवर यादी काढा. चलानं वाहनाच्या नोंदीवर दिसत राहतात, त्यामुळे आधीच्या मालकाची थकबाकी हस्तांतराच्या वेळी आडवी येऊ शकते. ती त्याच्याकडूनच भरून घ्या आणि पावत्या हाती आल्यावरच उरलेले पैसे द्या.