बिलात नवी केबल, गाडीत जुनीच

रेस जड लागते म्हणून गाडी दुरुस्तीला टाकली. बिलात 'ॲक्सिलरेटर केबल बदलली' असं लिहून आलं आणि मूठही मऊ फिरायला लागली. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तीच रड. अशा वेळी बहुतेकदा केबल बदललेलीच नसते. आऊटरच्या, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीच्या, वरच्या तोंडातून पातळ तेल सोडून तीच परत बसवलेली असते. तेल निथळतं, त्यावर धूळ चिकटते आणि केबल आधीपेक्षा जास्त घासते.

केबल खरी तुटते ती निपलपाशी, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या बोंडाशी. आतली वायर बारीक तारा पिळून केलेली असते. मूठ फिरली की निपलच्या गळ्याशी ती दर वेळी वाकते, म्हणून तिथल्या तारा एकेक करून तुटतात. तुटलेली तार काट्यासारखी उभी राहून आऊटरच्या तोंडाशी अडकते. मग रेस वाढते, पण खाली येत नाही. एक जरी तार उभी दिसली तरी केबल बदलायची. तेलाने तार सांधत नाही. ज्या केबलला आतून टेफ्लॉनची नळी असते तिला तर ग्रीस भरूच नये. थंडीत ते घट्ट होतं आणि मूठ परतायला वेळ लागतो.

रेस सोडल्यावर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, मिटवते ती स्प्रिंग. तिची फसवणूक याहून वाईट. केबल घासत असताना ती न बदलता जास्त कडक स्प्रिंग लावतात. मूठ परत येते, गिऱ्हाईक खूश. पण वायरवरचा ताण वाढल्यामुळे तारा आणखी लवकर तुटतात. कधी जुनीच स्प्रिंग ओढून लांब करतात, नाहीतर दोन वेढे कापून पक्कडीने नवा हूक वळवतात. ओढलेली स्प्रिंग थोड्याच दिवसांत ढिली पडते आणि पक्कडीचा दात लागलेला हूक नेमका तिथेच तुटतो. काही कार्ब्युरेटरवर दोन स्प्रिंगा असतात. 'पेडल हलकं करून देतो' म्हणत त्यातली एक काढली तर अजिबात मान्य करू नका. एक तुटली तरी दुसरीने थ्रॉटल मिटावा, यासाठीच ती असते. अमेरिकेच्या १२४ क्रमांकाच्या वाहन सुरक्षा मानकात थ्रॉटल परत आणणारी किमान दोन साधनं असावीत, असं बंधन आहे.

गाडी देण्याआधी दोष कुठे आहे ते स्वतः बघा. इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण फिरवा आणि सोडा. ती टक् करून मिटली पाहिजे. हँडल डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असं तीनदा करा. अडकत असेल तर केबल कार्ब्युरेटरकडून सोडवून तिथला लिव्हर हाताने फिरवा. लिव्हर झटकन परतला तर स्प्रिंग चांगली आहे. दोष केबलमध्ये किंवा मुठीत आहे, कार्ब्युरेटर बदलायची काही गरज नाही. लिव्हरच रेंगाळला तर स्प्रिंग किंवा स्पिंडलमधली (लिव्हर ज्यावर फिरतो त्या दांड्यातली) घाण तपासायची.

जुन्या आऊटरवर रंगाचा एक ठिपका द्या आणि काढलेली केबल परत मागा. नवीच्या आऊटरची लांबी आणि बाहेर आलेल्या वायरची लांबी जुनीशी जुळवा. स्क्रूने आवळलेलं निपल घेऊ नका, स्क्रू तारा चेंगरतो आणि वायर निसटते. कित्येक फोर-स्ट्रोक मोटरसायकलींना दोन केबली असतात, एक उघडणारी आणि एक मिटवणारी. मिटवणारी गायब नाही ना, ते मोजून बघा.

मुठीच्या कडेवर मोकळा प्ले, म्हणजे केबल ओढली जाण्याआधी मूठ जेवढी नुसतीच फिरते तेवढी ढील, बऱ्याच मोटरसायकलींना २ ते ६ मिलिमीटर लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. 'पिकअप वाढवतो' म्हणून तो शून्य केला तर हँडल वळवताच रेस आपोआप चढते.

आणि कारमध्ये इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल, तर पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबलच नसते, फक्त विजेच्या तारा असतात. तिच्या बिलात 'केबल ॲडजस्टमेंट' दिसलं तर पैसे देण्याआधी ती केबल कुठे आहे ते दाखवायला सांगा.