विज्ञान समजून घ्यायचंय: कादंबरी उघडावी की चित्रपट लावावा?

विज्ञानकथेच्या वाटेने खऱ्या विज्ञानात शिरायचं ठरवलंय, पण वेळ मोजकाच आहे, अशांसाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. एखादी गोष्ट दिसते कशी हे कळायला चित्रपटासारखं साधन नाही. ती तशी का घडते हे कळायला मात्र कादंबरीच हाती घ्यावी लागते.

तुलनेसाठी 'द मार्शियन' सोयीची, कारण ती दोन्ही रूपांत आहे: अँडी विअर यांची कादंबरी २०११ची, रिडली स्कॉट यांचा चित्रपट २०१५चा. मंगळावर एकटा अडकलेला अंतराळवीर बटाटे लावायचं ठरवतो. माती आहे, पाणी पुरेसं नाही. पडद्यावर हा भाग झटपट उरकतो: नळ्या, ज्योत, एक स्फोट आणि मग सगळीकडे ओल. बघताना मजा येते, पण पाणी नेमकं आलं कुठून हे नंतर नीट सांगता येईलच असं नाही.

कादंबरीत तो आधी हिशेब मांडतो. एक घनमीटर मातीला ४० लिटर पाणी हवं. मग यानात उरलेलं हायड्राझीन हे इंधन तो इरिडियम या उत्प्रेरकावर सोडतो. त्यातून नायट्रोजन आणि हायड्रोजन सुटे होतात, आणि हायड्रोजन जाळला की पाणी. इथे पुस्तक बाजूला ठेवून पेन घ्या. ३२ ग्रॅम हायड्राझीनमध्ये ४ ग्रॅम हायड्रोजन असतो. तो जाळायला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ३६ ग्रॅम पाणी मिळतं. म्हणजे खरी अडचण ऑक्सिजनची. म्हणून तो मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरतो. ही नुसती कल्पना नाही: २०२१मध्ये नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या उपकरणाने मंगळावर याच वायूपासून खरोखर ऑक्सिजन तयार केला. पुढे त्याच्या मंगळावरच्या राहत्या घरातल्या हवेत न जळलेला हायड्रोजन साचलाय हे त्याच्या लक्षात येतं, आणि ते निस्तरण्यात पानंच्या पानं जातात. मला पुस्तकातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. चूक कुठे झाली हे शोधण्याची रीत इथे शिकायला मिळते, आणि चित्रपटाला एवढा वेळ देणं परवडत नाही.

चुका मात्र दोन्हीकडे आहेत. गोष्ट सुरू होते ताशी १७५ किलोमीटरच्या वादळाने, आणि त्यात यान कलंडायला आलेलं असतं. मंगळाची हवा पृथ्वीच्या हवेपेक्षा सुमारे ६० पट विरळ. वाऱ्याचा जोर हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो, तेव्हा १७५ला ६०च्या वर्गमुळाने भागा: आपल्याकडच्या ताशी २२-२३ किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच धक्का! कथेच्या गरजेपोटी ही सूट घेतल्याचं विअर यांनी स्वतःच मान्य केलंय. पण ही चूक पुस्तकात वाचली तर पान उलटून तपासता येते. पडद्यावर पाहिलेलं वादळ मात्र डोळ्यांत बसतं.

डायनासोरांचंही तेच. १९९३च्या 'जुरासिक पार्क'मधला माणसाएवढा, बिनपिसांचा व्हेलोसिरॅप्टर अजून मनातून जात नाही. खरा प्राणी साधारण टर्कीएवढा आणि पिसं असलेला होता.

तरीही काही गोष्टी शब्दांत बसत नाहीत. 'इंटरस्टेलर'मधलं (२०१४) कृष्णविवर आठवा. त्याच्याभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीचा मागचा भागही आपल्याला दिसतो, वरून आणि खालून वाकलेला, कारण तिथून निघालेला प्रकाश गुरुत्वामुळे वळून आपल्यापर्यंत येतो. हे वाक्य दहादा वाचूनही चित्र उभं राहत नाही. पडद्यावर ते एका क्षणात कळतं. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून ती दृश्यं बनवली होती आणि चित्रपटाच्या काही चौकटी (फ्रेम) तयार व्हायला शंभर शंभर तास लागले. त्या कामातून २०१५मध्ये शोधनिबंधही निघाला.

एक गोष्ट मात्र तिथे मुद्दाम गाळली आहे. आपल्याकडे येणारा वायू जास्त तेजस्वी आणि दूर जाणारा मंद दिसायला हवा, पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून चकती दोन्ही बाजूंनी सारखी ठेवली. एप्रिल २०१९मध्ये प्रसिद्ध झालेली, एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा शेजारी ठेवून बघा. कड्याची एक बाजू ठळकपणे उजळ आहे.

त्याच चित्रपटात एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. परत आलेल्या माणसांचे चेहरे पाहून पोटात कालवतं, पण काळ एवढा का मंदावला हे पडद्यावरून उलगडत नाही. त्यासाठी थॉर्न यांनी वेगळं पुस्तक लिहिलंय, तेच वाचा.

मग निवडायचं कसं? गणिताची धास्ती असेल, किंवा सोबत लहान मूल असेल, तर चित्रपटापासून सुरुवात करा. फक्त चित्रपट मध्ये थांबवून 'हे असं का?' विचारायची मुभा ठेवा. रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची गोडी असेल तर थेट कादंबरी. दोन्ही करायचं असेल तर 'द मार्शियन' आधी वाचा आणि वादळाचं गणित स्वतः सोडवा. त्यानंतर पडद्यावरचा पहिला प्रसंग बघताना कुठे खटकतं ते आपोआप कळेल. कृष्णविवराच्या बाबतीत क्रम उलटा: आधी डोळे भरून पाहा, वाचन नंतर.