ज्येष्ठांसाठीचा ऑनलाइन योग क्लास, गुडघेवाल्यांनी नक्की बघा

सरळच सांगते, साठीच्या पुढच्या आणि सांधे धरलेल्या माणसांना बिनधास्त सुचवावा असा मला सापडलेला हा पहिलाच योग क्लास. सगळं खुर्चीवर बसून नाहीतर खुर्चीला धरून, जमिनीवर बसायची सक्ती नाही आणि वज्रासन पद्मासन तर कोणाला करायलाच लावत नाहीत. मला दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा मोठा मुद्दा.

सुरुवातीलाच मॅडम प्रत्येकाला विचारून घेतात, बीपी आहे का, काचबिंदू आहे का, हाडं ठिसूळ झालीत का, गुडघा बदललाय का. मग काचबिंदूवाल्यांना डोकं खाली जाईल असं काही देत नाहीत आणि हाडं ठिसूळ असणाऱ्यांना पाठ गोल करून पुढे वाकू देत नाहीत. ही विचारपूस बऱ्याच ठिकाणी होतच नाही हो, आणि खरं तर क्लास निवडताना आधी तेच बघायला पाहिजे.

पहिला वेळ नुसता घोटे, मनगटं, बोटं, खांदे हळूहळू फिरवण्यात जातो. काहींना ते किरकोळ वाटतं पण त्यामागे कारण आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो आतबाहेर खेळायला दाब पडायला आणि सुटायला लागतो, स्पंजसारखं. म्हणून दुखतंय तर हलायचंच नाही हे उलट अंगाशी येतं.

सगळ्यात जास्त फायदा मला झाला तो खुर्चीवरून उठण्याबसण्याच्या सरावाचा. खुर्ची भिंतीला टेकवायची, थोडं पुढे सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, छाती पुढे नेत हातांचा आधार न घेता उठायचं आणि बसताना चार आकडे मोजत खाली यायचं, धपकन बसायचं नाही. गुडघे आत वळायला लागले की मॅडम लगेच नाव घेऊन थांबवतात. यात मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंब दोन्ही कामाला लागतात, आणि हे स्नायू भक्कम झाले की गुडघ्याला आधार मिळतो. आता जिना उतरताना कठडा घट्ट धरावा लागत नाही, खूप बरं वाटतं.

आणखी एक नियम फार कामाचा. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्तच असेल तर पुढच्या वेळी तेवढं कमी करायचं, स्नायू भरून येणं वेगळं आणि सांध्यातली कळ वेगळी. झिजलेली कूर्चा योगाने परत येत नाही हेही त्या स्पष्ट सांगतात, खोटी आशा लावत नाहीत, म्हणून माझा जास्त विश्वास बसला.

कमी काय आहे तर कॅमेरा नेहमी कमरेच्या वर असतो, पावलं कुठे ठेवायची ते दिसतच नाही, आणि नेमकं तेच बघायचं असतं! दुसरं म्हणजे तोल सांभाळायचे प्रकार अगदी शेवटी घाईघाईत उरकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे 65 च्या पुढच्या लोकांनी तोल आणि ताकद दोन्हीचा व्यायाम आठवड्यातून निदान 3 दिवस करायला हवा, पडू नये म्हणून. तेव्हा याला जास्त वेळ द्याच, मी मॅडमना सांगितलंय. चालणं मात्र वेगळं चालू ठेवा, या क्लासमध्ये तेवढा दम लागत नाही.

सांधा सुजून गरम होत असेल किंवा सकाळचा आखडलेपणा तासभर सुटत नसेल तर ते झिजेचं नसून सूज आणणाऱ्या संधिवाताचं (जसं आमवात) असू शकतं, अशांनी आधी डॉक्टरांना दाखवा, नाव नंतर नोंदवा.