पाटल्यांवर हॉलमार्क होता, पण अंगठीचा!

"शिक्का बघून सोनं घ्यायचं ना" असं म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा. शिक्का मीही बघितला होता, भिंगातून.

२०२४ च्या अक्षय्य तृतीयेला मुलीच्या लग्नासाठी पाटल्यांचा जोड घेतला. २०.४०० ग्रॅम, २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ६,७००, वर १२ टक्के घडणावळ. सराफाने वरचे ८१ रुपये सोडले आणि १,५३,००० रोख घेतले. पक्कं बिल हवं तर जीएसटीचे ४,५९० जास्त. घेतली कच्ची पावती. शहाणपण शिकवू नका, लग्नघरात साडेचार हजार कोण सोडतं? शिवाय पेढी वडिलांच्या वेळेपासूनची.

राग येतो तो त्या भिंगाचा. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२के९१६ (हजारात ९१६ भाग शुद्ध सोनं), सहा अक्षर-अंकी एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा ओळख कोड, सगळं होतं. आणि दोन्ही पाटल्यांवर कोड तोच. तोच! प्रत्येक नगाचा कोड वेगळा असतो. मला वाटलं, चपलांच्या जोडीवर नंबर सारखाच असतो, तसं असेल. सराफही म्हणाला, "जोड आहे ना दादा." मोबाइल खिशात होता. बीआयएस केअर अ‍ॅपवर कोड तिथेच, पैसे देण्याआधी टाका.

मुलगी सोनेतारणाला गेली तेव्हा बिंग फुटलं. अ‍ॅपमध्ये तो कोड निघाला अंगठीचा, तोही दुसऱ्याच सराफाच्या. हॉलमार्किंग केंद्रात २३६ रुपये भरून तपासलं: ९१६ ऐवजी ७६२. म्हणजे २२,९७९ रुपयांचं सोनं गायब, त्यावर दिलेली घडणावळ वेगळीच.

शुद्धता कमी भरली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च, असं बीआयएसच्या २०१८ च्या नियमांत आहे. माझे ४५,९५८ झाले असते. कागदावर! पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा, वकील म्हणतो आधी पक्कं बिल दाखवा, सरकारी कार्यालय म्हणतं तक्रार ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकली, तर "कागदपत्रे अपुरी" म्हणून बंद. अहो, सरकारी शिक्का खोटा मारलाय, तुमचाच! एका साहेबांनी पाटली फिरवून बघितली आणि म्हणाले, "घडण मात्र छान आहे."

बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचे नगाला ४५ रुपये वेगळे लिहून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, तेव्हा "जुना स्टॉक आहे" ऐकून घेऊ नका. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र सक्ती नाही, तिथे जास्तच जपा.

सराफ आता म्हणतो, परत आणा, घेतो. कोणत्या भावाने? १८ कॅरेटच्या.