खोक्यातली वरची दोन किटं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी थाटलेलं, आता मी सांभाळतो. गेल्या वर्षी मी 30 ॲम्प्लिफायर किटांची (स्वतः जोडायच्या सुट्या भागांच्या संचांची) सामूहिक खरेदी जुळवली आणि 23 माणसांचे 1,47,000 रुपये माझ्या हातून एका भामट्याच्या खात्यात गेले. हे कागदावर उतरवायला मला कित्येक महिने लागले. आता लिहितोय, कारण तो माणूस अजून थांबलेला नाही.

आधी हे किट कशाला हवं होतं ते सांगतो. आमच्याकडे घरगुती ॲम्प्लिफायर म्हटलं की 4440 या आयसीचा (चिपचा) बोर्ड आणि 12-0-12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. भजनाला चालतो, पण आवाज थोडा चढवला की फाटतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एलएम 3886. हा आयसी मूळचा नॅशनल सेमिकंडक्टरचा. 2011 साली ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. 11 पायांचा एवढासा तुकडा, पण ±28 व्होल्टवर (म्हणजे +28 आणि -28 अशा दुहेरी पुरवठ्यावर) 4 ओहमच्या स्पीकरला 68 वॅट देतो. मला मात्र त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या पोटात असलेलं संरक्षण महत्त्वाचं वाटतं. स्पीकरची तार शॉर्ट झाली, आयसी जास्त तापला, तर तो स्वतःला आवरतो. खेड्यात याची फार गरज असते. शेतातल्या मोटारी बंद झाल्या की रात्री आमच्या फीडरवर विजेचं व्होल्टेज 250-255 पर्यंत चढतं. 25-0-25 चा ट्रान्सफॉर्मर 230 वर साधारण ±35 डीसी देतो, तोच 255 वर ±39 च्या आसपास जातो. या आयसीची मर्यादा सिग्नल चालू असताना एकूण 84 व्होल्ट, म्हणजे ±42. अस्सल असेल तर 8 ओहमच्या स्पीकरवर तो रात्र निभावून नेतो.

पूर्वी मी असा माल आणायला मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचो. दोन-चार किटांसाठी ते जाणं-येणं परवडत नाही. एकेक किट मागवलं तर टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (आयसीची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) आणि कंडेन्सरसकट 6,800 रुपये पडत होते. अशात एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. पत्ता मुंबईचा, बोलणं शुद्ध मराठीत. दुसऱ्याच फोनला म्हणाला, ‘भाऊ, माझं आजोळ पाचोऱ्याकडचं, आपण एकाच मातीतली माणसं.’ 30 किटं घेतली तर 4,900 ला देईन म्हणाला.

मी ओळखीच्या लोकांना विचारलं. आठवड्याभरात 23 जण झाले. भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले नाना, ज्यांनी तरुणपणी व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर हाताने बांधलेत. यावलचे दोघे केळीवाले भाऊ. अमळनेरचा एक कॉलेजचा मुलगा, ज्याने दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून पैसे साठवले होते. धरणगाव तालुक्यातलं एक भजनी मंडळ. मी एक रुपयाही वर घेणार नव्हतो, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी पावती मागितली नाही.

घाई मी केली नव्हती, हे इथे सांगायला हवं. आधी 2 किटं सॅम्पल म्हणून पूर्ण पैसे देऊन मागवली. आली. जोडली. पहिल्यांदा सिरीज लॅम्पवर (मधे बल्ब जोडून, म्हणजे काही चुकलं तरी जळत नाही) चालू केली, स्पीकरच्या तारेवर डीसी मोजला, मग दोन दिवस सलग वाजवली. अप्रतिम आवाज. ट्रान्सफॉर्मर तोलला तर 2 किलो 700 ग्रॅम. एका रविवारी नाना बसने चोपड्याला आले, डोळे मिटून अर्धा तास ऐकत बसले आणि म्हणाले, ‘घे बिनधास्त.’

आता मला कळतंय की सॅम्पल तपासून आपण फक्त सॅम्पल तपासतो. समोरच्याकडे दोन चांगली किटं आहेत एवढंच त्यातून कळतं. फसवणारा सॅम्पल खराब का पाठवेल? उलट तिथेच तो पैसा घालतो.

ॲडव्हान्स 40 टक्के, म्हणजे 58,800 रुपये. पाठवताना यूपीआयवर नाव वेगळंच दिसलं. दुकानाचं नाही, एका व्यक्तीचं, आणि तेही त्याने सांगितलेल्या नावाशी न जुळणारं. मी लगेच फोन केला. ‘करंट अकाउंटची आजची लिमिट संपली, हे भाच्याचं खातं आहे,’ म्हणाला. मी मानलं. त्याने पाठवलेल्या बिलावर जीएसटी नंबर होता, त्यामुळे मला धीर वाटला. तो नंबर मी तपासला नाही. तपासायला दोन मिनिटं लागतात. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. आणि तेवढंही करायची गरज नव्हती, नुसते पहिले दोन आकडे पाहिले असते तरी पुरे होतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा नंबर 27 ने सुरू होतो. त्याचा 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्लीचा. बिलावरचा पत्ता मात्र मुंबईचा. पुढे मी पाहिलं तेव्हा ती नोंदणी कपड्याच्या कुठल्याशा व्यापाऱ्याच्या नावावर होती आणि रद्द झालेली होती.

मग त्याने व्हिडिओ पाठवला. लांब टेबलावर 30 बोर्ड ओळीने मांडलेले, मध्ये कागदावर स्केचपेनने लिहिलेलं: ‘चोपडा ग्रुप, खान्देश, 30 नग’. तो व्हिडिओ मी सगळ्यांना पाठवला. लोक खूश झाले. अमळनेरच्या मुलाने तर त्यातला ‘आपला बोर्ड’ कुठला असेल यावर मला फोन केला होता.

बिल्टीचा (माल ट्रान्सपोर्टला दिल्याच्या पावतीचा) फोटो आला की बाकीचे 88,200 द्यायचे, असं ठरलं होतं. बिल्टी खरी होती. जळगावच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात फोन करून मी खात्री केली, माल निघालाय म्हणाले. मी पैसे पाठवले. तिसऱ्या दिवशी जळगावला जाऊन भाडं भरलं आणि 3 खोकी सोडवली. गोदामात पावसाने चिखल, मागे टेम्पोंची रांग. तिथे खोकं उघडू देत नाहीत, आणि दिलं तरी आपण काय तपासणार?

दुकानात येऊन पहिलं खोकं उघडलं. वरची दोन किटं बाहेर काढली, ट्रान्सफॉर्मर हातात धरला, वजन ओळखीचं. आयसीवरची छपाई सॅम्पलसारखीच. एक किट त्याच रात्री जोडलं, छान वाजलं. दुसऱ्या-तिसऱ्या खोक्याचंही तसंच केलं, वरची दोन-दोन पाहिली. तेवढ्यात त्याचा मेसेज: ‘भाऊ, माल मिळाला का? नीट आहे ना? दोन ओळी लिहून पाठवा, माझ्या मालकाला दाखवायच्या आहेत.’ मी लिहिलं, ‘30 किट मिळाले. माल व्यवस्थित आहे. धन्यवाद.’ सोबत खोक्यांचा फोटो.

या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी चूक कुठली असेल तर ती ही. पैसे पाठवताना मला निदान थोडी शंका तरी होती. हे लिहिताना काहीच वाटलं नाही. पुढे जिथे जिथे तक्रार घेऊन गेलो, तिथे तिथे माझ्याच मोबाइलवरून गेलेल्या या दोन ओळी आधी समोर आल्या.

किटं वाटली. मंडळाचं मी स्वतःच जोडून दिलं, त्यांना कानबाई देवीच्या उत्सवाला हवं होतं. श्रावणातला रविवार, सगळे भाऊबंद गावात जमलेले, घराघरांत रोट, रात्री कानबाईसमोर जागरणाची गाणी. मी तिथे नव्हतो. रात्री साडेबाराला मंडळाच्या आबांचा फोन आला. आधी आवाज घरघरला, मग एक ठोका बसल्यासारखा धप्प आवाज झाला आणि स्पीकरमधून धूर निघाला. बायका-पोरं बाहेर पळाली. कुणाला काही झालं नाही, पण मंडळाचे दोन्ही स्पीकर गेले. ते स्पीकर त्यांनी वर्गणी काढून घेतले होते.

सकाळी मी ते ॲम्प्लिफायर दुकानात आणलं. आयसी फुटला होता आणि निगेटिव्ह लाइनचा डीसी सरळ स्पीकरवर गेला होता. अस्सल 3886 असा मरत नाही असं नाही, पण 8 ओहमच्या भारावर, एवढ्या मोठ्या हीटसिंकवर तो इतक्या सहज जायला नको होता. मी दुकानात उरलेलं एक किट काढलं. ट्रान्सफॉर्मर तोलला: 1 किलो 900, सॅम्पलपेक्षा 800 ग्रॅम कमी. पोटात खड्डा पडला.

पुढचे दोन दिवस नाना आणि मी मिळून जेवढी किटं परत मिळाली तेवढी तपासली. आयसीवर थिनरचा बोळा फिरवला की छपाई निघून येत होती आणि खाली दुसऱ्याच कुठल्या तरी नंबरची पुसट खूण दिसत होती. ट्रान्सफॉर्मरची तार ब्लेडने खरवडली, वर तांबूस, आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. 10,000 मायक्रोफॅरडचे म्हणून दिलेले कंडेन्सर मीटरवर 3,900 पर्यंतही जाईनात. नानांनी एक आडवा कापला. मोठ्या डब्याच्या आत छोटा कंडेन्सर, मधली जागा मोकळी. नाना काही बोलले नाहीत. तो कापलेला कंडेन्सर त्यांनी रुमालात बांधून खिशात ठेवला.

तिन्ही खोक्यांतली वरची दोन-दोन किटं तेवढी अस्सल होती. 30 पैकी 6. माणूस खोकं कसं उघडतो, किती खोलवर हात घालतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फोन केला तर तो चिडला नाही, नंबर बंदही केला नाही. ‘भाऊ, फॅक्टरीची चूक झाली असेल, मी बदलून देतो, आठ दिवस द्या.’ मग आणखी आठ. मग आई दवाखान्यात. 17 दिवस त्याने मला असं गोड बोलून थांबवलं, मग फोन लागणं बंद झालं. पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीला 1930 हा नंबर आहे आणि तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मी 17 दिवसांनी केला. तोवर त्या ‘भाच्याच्या’ खात्यात काही उरलं नव्हतं. त्याचं ते गोड बोलणं त्या 17 दिवसांसाठीच होतं. कुणी तुम्हाला ‘बदलून देतो’ म्हणत असेल तर म्हणू द्या, पण फोन त्याच दिवशी करा, तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या. माल बदलून आलाच तर तसं कळवता येतं. निसटलेले दिवस परत मिळत नाहीत.

पोलिसांत अर्ज दिलाय, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, फसवणुकीचा. ग्राहक आयोगाचंही विचारलं. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावर मी मुंबईला जाऊन आलो. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे, त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

मग 23 जणांना एकेक करून सांगितलं. फोनवर नाही, जमेल तिथे घरी जाऊन. यावलच्या भावांनी चहा पाजला आणि म्हणाले पैशाचं राहू द्या. तसं राहू देणं मला जमणार नाही. आबा मात्र स्पष्ट बोलले, आणि ते बरोबर बोलले: ‘भाऊ, आम्ही त्याले नही वळखतस. तुले वळखतस.’ लोकांनी पैसे विक्रेत्याला दिले नव्हते, मला दिले होते. तेवीसही माणसांच्या मनात तपासणी माझ्याकडे होती. म्हणून मी ठरवलंय, 24 नकली किटांचे पैसे मी परत करणार. 1,17,600 होतात, शिवाय मंडळाचे स्पीकर. सुरुवात अमळनेरच्या मुलापासून केली. आतापर्यंत 11 जणांचे फिटले. स्पीकर गणपतीआधी घेऊन दिले.

कुणी अशी खरेदी जुळवत असेल तर माझं ऐका. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करत असाल तर प्रत्येकाला लेखी द्या की माल नकली निघाला तर जबाबदारी कुणाची. ते लिहिताना हात थांबला तर खरेदी करू नका. खोकं उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या, आणि किट वरचं नाही, तळाचं काढा. 30 असतील तर तीसही तोला, साधा वजनकाटा पुरतो. आणि शेवटचं किट तोलून होईपर्यंत ‘माल मिळाला’ एवढंसुद्धा लिहून देऊ नका.

गेल्या महिन्यात शिरपूरहून एका ओळखीच्या मेकॅनिकचा फोन आला. त्याला कुणीतरी 4,700 ला किटं देतोय, पुरावा म्हणून फोटो पाठवलाय, बघून सांगा म्हणाला. फोटो उघडला. तेच लांब टेबल, बोर्डांच्या त्याच ओळी. मधल्या कागदावरचं गाव बदललंय, पण डावीकडून तिसऱ्या बोर्डाजवळ टेबलाचा सनमायका त्रिकोणी उखडलेला आहे, तो आमच्या व्हिडिओतही आहे. तो तुकडा दिसला की थांबा, आणि त्याच दिवशी 1930 ला फोन लावा.