पडद्याचं ऑपरेशन: मांजरांच्या जंतूने दिलेला डाग आणि नंतरचं सगळं

टॉक्सोप्लाझ्माने उजव्या डोळ्याच्या पडद्याची वाट लावली होती. हा परजीवी मांजरांच्या विष्ठेतून, अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून येतो. माझ्यात नेमका कुठून आला कुणालाच सांगता आलं नाही, आणि हो, मांजर पाळलेलं नाही कधी. सल्फाच्या गोळ्या आणि स्टिरॉइड घेऊन इन्फेक्शन शांत झालं पण मागे डाग राहिला, डोळ्यातल्या जेलीत जाळी आणि पडद्यावर एक पातळ पापुद्रा, त्यामुळे दाराची सरळ चौकटसुद्धा मधेच वाकलेली दिसायची.

डॉक्टरांना पूर्ण मार्क. ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा फोटो) समोर धरून त्यांनी आधीच सांगितलं, डाग पडलेला भाग मेलाय तो ऑपरेशनने जिवंत होणार नाही, आपण फक्त जाळी काढणार आणि पापुद्र्याची पडद्यावरची ओढ सोडवणार. ऐकायला कडू होतं पण बरं झालं. सूज पूर्ण बसेपर्यंत काही महिने थांबवलं आणि ऑपरेशनच्या आधी-नंतर परत त्याच गोळ्या, कारण हा जंतू झोपतो, मरत नाही.

विट्रेक्टोमी, म्हणजे डोळ्यातली जेली काढायचं हे ऑपरेशन: डोळ्याला तीन बारीक भोकं, अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासची, टाका बहुतेक वेळा लागतच नाही. भूल फक्त डोळ्यापुरती. दुखलं नाही, पण आतमध्ये सावल्या हलताना दिसतात ते विचित्र वाटतं, कुणी आधी सांगितलं असतं तर एवढं दचकलो नसतो.

तक्रार इथे आहे. पडद्याच्या कडेला एक फाटलेलं भोक सापडलं म्हणून लेझर मारून डोळ्यात गॅस भरला आणि मग नर्स म्हणाली आता इतके दिवस एकाच कुशीवर झोपायचं!! अहो हे आधी सांगा ना, घरात सोबतीला कुणी हवं, मान आखडते, आणि गॅस आहे तोवर विमान पूर्ण बंद, उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातलं प्रेशर वाढतं. नंतर गॅस विरताना डोळ्यात पाण्याची रेषा दिसते, रोज थोडी खाली उतरते, ते बघायला मात्र मजा आली.

आता चौकट जवळपास सरळ. मधला डाग तसाच, वाचायला डावाच डोळा. मोतीबिंदू लवकर येऊ शकतो असं सांगून ठेवलंय. ५ पैकी ४, एक स्टार त्या कुशीसाठी कापला.